ब्रेकवाले मोनाप्पा मिस्त्री

गाडीला काय झालंय, हे मोनाप्पा मिस्त्री कधीच विचारत नसत. बेळगावजवळ काकतीला हमरस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. तिच्यासमोर गाडी थांबली, ड्रायव्हर खाली उतरला आणि "मिस्त्री, ब्रेक लागंना झालाय" म्हणून सुरू झाला, की ते तळहात पुढे करून त्याला थांबवायचे.

"गाडीचं ऱ्हाऊ दे. तुमी काय केलं ते सांगा पयलं."

बहुतेक जण म्हणायचे, मी काहीच केलं नाही. मग मिस्त्री शांतपणे बाकावर जाऊन बसायचे. काहीच केलं नसेल तर थांबा, आठवेल, असा त्याचा अर्थ. आणि खरोखरच पाच-दहा मिनिटांत त्या माणसाला आठवायचं. कुणी वाटेत कुठलं तरी ऑइल ओतलेलं असे, कुणी मेहुण्याच्या हातून लायनर बदलून घेतलेले असत, कुणी गळणाऱ्या नळीला चिंधी बांधलेली असे. ते सगळं ऐकून घेतल्यावरच मिस्त्री उठत. त्यावर ते कुणाला रागावल्याचं मी पाहिलं नाही. त्यांना फक्त ऐकायचं असे.

साठीच्या आसपासचा, ठेंगणा, अंगानं बारीक माणूस. खाकी हाफ शर्ट, कानामागे पेन्सिल. इंजिनाचं काम ते घेत नसत, गिअरला हात लावत नसत. फक्त ब्रेक. शेडच्या तोंडाशी नळ होता आणि नळाजवळ साबणाची वडी. इतर गॅरेजमध्ये मिस्त्री डिझेलनं हात धुतात. हे साबणानं धुवायचे, तेही काम झाल्यावर नव्हे, कामाला लागण्याआधी. डिझेलचा हात ब्रेकच्या रबराला लागला तर रबर फुगतं, असं त्यांचं म्हणणं. "सैपाकाला बसताना बाई हात धुती न्हवं? मग हितं तर लोकांचा जीव शिजतोय," असं ते म्हणत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो खोटं बोलतच गेलो.

आमचं गाव सांबऱ्याच्या बाजूला. घरची शेती थोरला भाऊ बघतो, त्याला मी अण्णा म्हणतो. मी बेळगावात हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. अण्णानं सातवीतून शाळा सोडली, म्हणून मला शिकता आलं, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. पण मला ते रोज माहीत असतं. घरी एक छोटा ट्रक आहे. अण्णा त्यातून कोबी, मिरची, बटाटे निपाणीच्या बाजारात नेतो. एका हंगामात ट्रकचे ब्रेक अगदीच झिजले. नेहमीच्या गॅरेजवाल्यानं आठ दिवसांनंतरचा वार दिला, आणि इकडे कोबी तर काढून पडला होता. मी अण्णाला म्हटलं, थांब, मी करतो.

मी फोनवर व्हिडिओ बघितले. एक नाही, बरेच. पुढच्या दोन चाकांचे कॅलिपर, म्हणजे तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे भाग, नवे आणले. मागच्या चाकांचे लायनर, म्हणजे आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, आणि सिलिंडर आणले. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत अंगणात ट्रकखाली पडून मी ते सगळं बसवलं. वहिनीनं दोनदा चहा आणून दिला. अण्णा बाजूला उभा राहून पान्हे देत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही. आपला मास्तर भाऊ हातानं काहीतरी करतोय, याचं त्याला कौतुक वाटत होतं.

काम झालं. पण पेडल दाबलं तर ते स्पंजवर पाय ठेवल्यासारखं खाली गेलं. नळीत हवा राहिली असणार, हे मला कळत होतं. मी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे एअर काढली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदाही काढली. पेडल जरा सुधारल्यासारखं वाटलं, पण मऊच राहिलं. संध्याकाळ होत आली होती, अंगणात शेजारचे दोघे-तिघे बघायला आले होते. अण्णानं विचारलं, "झालं न्हवं?" आणि मी म्हणालो, "झालं. नवीन हाईत, दोन दिवस चालली की बसतील."



चार दिवस अण्णानं तोच ट्रक चालवला. पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. वहिनीचं माहेर निपाणीचं. ती माहेरी जाणार होती, म्हणून मीही निघालो. मागे कोबी भरलेला, पुढे केबिनमध्ये अण्णा, मधे वहिनी, कडेला मी. काकतीच्या अलीकडे बाजूच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत एकदम समोर आला. अण्णानं ब्रेक मारला. ट्रक धावतच राहिला. मी अण्णाच्या पायाकडे पाहिलं. तो पेडल भराभर दाबत होता, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्याला ब्रेक धरला आणि आम्ही मागच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलो. वहिनीचा हात पुढच्या फळीवर आपटला होता.

पुढे वंटमुरीचा घाट होता आणि निपाणीच्या अलीकडे तवंदीचा उतार. मी म्हणालो, अण्णा, काकतीत एक ब्रेकवाला आहे म्हणतात, जरा ऑइल बघून घेऊ. फक्त ऑइल.

ट्रक शेडसमोर थांबल्याबरोबर मिस्त्रींनी आधी चारी चाकांना दगड लावले. मग तळहात पुढे केला आणि आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, काय केलं ते सांगा. मी म्हणालो, काही विशेष नाही, ऑइल कमी झालं असेल. ते माझ्याकडे बघत राहिले, मग केबिनमध्ये चढले. इंजिन चालू करू दिलं नाही. पेडल एकदा दाबलं, खाली गेलं. लागोपाठ दोनदा दाबलं, वर आलं. मग त्यावर पाय तसाच रेटून ते मिनिटभर थांबले.

"धरून ऱ्हातंय," ते म्हणाले. "म्हंजे ऑइल ढकलनारा मास्टर सिलिंडर बरा हाय, कुटं गळत बी न्हाय. आत हवा हाय. काल-परवा उघडलं व्हतं कुनीतरी."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांना जरा बाजूला, नळापाशी घेतलं आणि सगळं सांगितलं. तीन वेळा एअर काढल्याचंही सांगितलं, जणू तेवढ्यानं माझी बाजू भक्कम होणार होती. त्यांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग पुढच्या चाकापाशी बसून आत पाहिलं, दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, आणि परत आले.

"मास्तर, शाळंत काय शिकवता?"

"विज्ञान."

"मग हे तुमास्नी माझ्यापरीस चांगलं कळंल." त्यांनी शेडमधून प्लास्टिकची एक बाटली आणली. झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेलं होतं. बाटलीत पाणी भरलं, वर दोन बोटं रिकामी ठेवली, झाकण लावलं आणि बाटली उलटी धरून दाबली. खालच्या भोकातून पाण्याची धार आली. हवा वरच्या वर, जिथल्या तिथं. मग बाटली सरळ धरून दाबली. आधी फुस्स करून हवा गेली आणि मग पाणी वर आलं.

मला एका क्षणात उमगलं. हवा काढायचं निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला हवं. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता, त्यामुळे दोन्ही निपलं खाली गेली होती. मी तीनदा काढलं ते नुसतं ऑइल. हवा वर आरामात बसून होती. द्रवाच्या दाबाचा धडा मी वीस वर्षं शिकवतोय, त्यात मोटारीच्या ब्रेकची आकृती आहे, आणि ती मी फळ्यावर न बघता काढतो.

मिस्त्री हसले नाहीत. ते म्हणाले, "मी बी केलंय ह्ये. दोन्ही बाजूला बसतंय तर मानूस बसवनारच." आणि मग, साबण हातात घेत, त्यांनी विचारलं, "अण्णांना सांगितलंय?"

मी म्हटलं, नाही. तुम्हीच काहीतरी सांगा ना, कंपनीच्या मालात खोट होती वगैरे.

"न्हाय मास्तर. माझ्या तोंडातनं गेलं तर ती गाडीची गोष्ट व्हतीय. तुमच्या तोंडातनं जाऊ दे."

अण्णा आणि वहिनी शेडमध्ये बाकावर बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं. कॅलिपर उलटे बसवलेत. त्या दिवशी पेडल मऊ आहे हे मला कळलं होतं. तरी मी झालं म्हणालो. वर्गात चाळीस पोरांसमोर बोलणारा माणूस मी, पण ती तीन वाक्यं बोलताना माझा आवाज मलाच ऐकू येईना.

अण्णा जमिनीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं रं. गल्लीच्या तोंडालाच. म्हनलं, एवढ्या हौसंनं केलंय ह्यानं, कशाला नाव ठेवायचं. दोनदा दाबलं की लागतोय, म्हनून चालवत व्हतो."

मिस्त्री नळापाशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "दोगं बी एकमेकाचं मन सांभाळत बसलासा. गाडी कुनी सांभाळायची?"

तेव्हा वहिनी बोलली. ती शांत बाई, भांडणाचा स्वर तिला येतच नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे तुमा दोगास्नी बी म्हाईत व्हतं. आनि मी मदी बसून आलते."

मिस्त्रींनी हात पुसले, किटलीतला चहा पेल्यात ओतला आणि पहिला पेला वहिनीला नेऊन दिला. नंतर मला म्हणाले, "तुमी घातलासा, तुमीच काढा. मी सांगतो."

तीन तास लागले. उजव्याचं डावीकडे, डाव्याचं उजवीकडे. नळीच्या जोडाला तांब्याचे नवे वॉशर. मागची चाकं उतरवली तर लायनरही मी ढिले ठेवलेले निघाले. त्यांनी ते कसे जवळ घ्यायचे ते माझ्याच हातून करवून घेतलं. चाक हातानं फिरवून बघायचं, किंचित घासल्याचा आवाज आला की थांबायचं. शेवटी एअर काढायची वेळ आली. अण्णा केबिनमध्ये पेडलवर, मी चाकाखाली निपलपाशी. मिस्त्रींनी अण्णाला बजावलं, की खालचा माणूस सोड म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत येते. मी 'दाब' म्हणायचं, अण्णानं दाबायचं. मी 'धर' म्हणायचं, त्यानं धरायचं. पहिल्याच खेपेला नळीतून बुडबुडे आले. एकामागून एक, थांबेचनात. एवढी हवा पायाखाली घेऊन अण्णा चार दिवस घाट चढ-उतार करत होता.

पेडल दगडासारखं झालं. मिस्त्री स्वतः अण्णाशेजारी बसले, बाजूच्या रस्त्यावर ट्रक चार वेळा थांबवून बघितला, मग आमच्याबरोबर घाटाच्या पायथ्यापर्यंत आले आणि तिथं उतरून, मिळेल त्या गाडीनं माघारी गेले. त्यांची रीतच तशी होती. आपण दुरुस्त केलेल्या गाडीत आधी आपण बसायचं.

त्यानंतर मी अधूनमधून रविवारी काकतीला जायला लागलो. काम काही नसे. बाकावर बसायचं, ते करतील ते बघायचं. नववीचा दाबाचा धडा मी आता त्यांच्या बाटलीनं शिकवतो आणि मुलांना माझ्या उलट्या कॅलिपरची गोष्टही सांगतो. मुलं हसतात. हसू देत.

एकदा मी बसलो असताना गुंजीकडून लग्नाचं वऱ्हाड घेऊन एक ट्रक आला. मागे हौदात वीस-पंचवीस माणसं, बायका, म्हाताऱ्या. ड्रायव्हरला घाई होती. मागच्या एका चाकाचं ऑइल गळत होतं म्हणून त्यानं त्या चाकाकडे जाणारी नळी ठोकून चपटी करून टाकली होती आणि आता वर नुसतं ऑइल भरून हवं होतं. तीन चाकांवर जाईल की, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रींनी दगड लावले, मागे गेले आणि माणसांना खाली उतरायला सांगितलं. नवरीचा बाप चिडला. मुहूर्त जवळ आला होता, त्याचं चिडणं चुकीचं नव्हतं. तो मिस्त्रींना नाही नाही ते बोलला, तेही कन्नड आणि मराठी दोन्हीत.

मिस्त्री म्हणाले, "शिव्या द्या, काका. पन खाली उतरून द्या."

एक म्हातारी आधी हसली आणि उतरली. मग बाकीचे उतरले. मिस्त्रींनी ओळखीच्या दोन टेम्पोवाल्यांना फोन करून बोलावून घेतलं आणि वऱ्हाड पुढे पाठवलं. मुहूर्त चुकला असणार. नवरीचा बाप जाताना मागे वळूनही बघत नव्हता. मी म्हटलं, मिस्त्री, तुमच्या वाट्याला नुसत्या शिव्याच आल्या. ते म्हणाले, "शिव्या देनारा मानूस जिवंत असतोय, मास्तर," आणि चपटी झालेली नळी कापायला बसले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी गेलो तर शेडच्या पत्र्यावर खडूनं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं होतं: ब्रेकचं काम बंद आहे. मिस्त्री आत बसलेले, हात रिकामे. मला वाटलं, वय झालं, थकले. मी तसं म्हणालोही. त्यांनी मान हलवली.

"साखर हाय न्हवं मला. उजव्या पायाला कळंना झालंय. परवा पेडलवर पाय ठेवला, ते खाली चाललंय का वर, काय बी समजलं न्हाय. हात चालतोय, डोळ्यानं दिसतंय. पन ब्रेक पायालाच कळाया पायजे."

"गाड्या येणारच तुमच्याकडे. दाबून बघायला दुसरा माणूस ठेवा."

"दुसऱ्यानं दाबून मला सांगायचं, आनि मी 'जावा' म्हनायचं? कुनाच्या भरवशावर?"

वय झालं म्हणून बंद केलं, असं सांगितलं असतं तरी कुणी शंका घेतली नसती. पण येईल त्या प्रत्येक ड्रायव्हरला ते पायाचं सांगत होते, आणि त्याला रस्त्याच्या पलीकडच्या गॅरेजकडे पाठवत होते. त्या गॅरेजवाल्याशी त्यांचं कैक वर्षं बोलणं नव्हतं. पत्र्यावर त्याचं नावही त्यांनी स्वतःच खडूनं लिहिलं होतं. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी एक पाय दुसऱ्यावर घेतला आणि तळवा दोन्ही हातांनी चोळत राहिले. बराच वेळ.

गेल्या श्रावणात ते गेले. झोपेतच गेले, असं कळलं. मला फोन दुसऱ्या दिवशी आला. अण्णा शेतात होता; चिखलाचे पाय धुऊन तसाच माझ्याबरोबर निघाला. वहिनीही म्हणाली, मी येते.

मिस्त्रींचं घर शेडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. सोप्यात सतरंजी अंथरली होती. तिच्यावर बहुतेक ड्रायव्हर लोकच बसलेले. हमरस्त्यावर चालणारी माणसं, एकमेकांना नावानं न ओळखणारी. कोपऱ्यात निपाणीकडचा एक म्हातारा ड्रायव्हर होता. त्यानं आपण होऊन अण्णाला सांगायला सुरुवात केली. तो तरुण होता आणि मिस्त्रीही तरुण होते तेव्हाची गोष्ट. त्याच्या ट्रकचे ब्रेक मिस्त्रींनी करून दिले आणि तो निघाला. घाट ओलांडून हत्तरगीच्या अलीकडे पोचला तर मागून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत आली. कुणाकडून तरी उसनी आणलेली मोटारसायकल, आणि तिच्यावर मिस्त्री. त्यांनी ट्रक थांबवायला लावला, काही न बोलता पान्हा घेऊन खाली शिरले, आणि बाहेर येऊन सांगितलं, की नळीचा एक नट माझ्याकडून अर्धा फेरा ढिला राहिला होता, आता आवळलाय.

"मी म्हनलो, मिस्त्री, एवढ्या लांब कशाला आलासा?" म्हातारा अण्णाला सांगत होता. "गळालं असतं तर मी बघितलं असतं. तुमचा नट ढिला ऱ्हायलाय, हे कुनाला म्हाईत व्हतं?"

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्ये म्हनले, मला म्हाईत व्हतं की."